शेवळं खाजली नव्हती

आमच्या कारखान्यातल्या जेवणाच्या खोलीत एक जुना फ्रिज आहे. साहेबांच्या केबिनमध्ये नवा आला तेव्हा हा आमच्याकडे आला. त्याचं दार आपोआप उघडतं म्हणून खालून पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवावी लागते. त्या फ्रिजच्या कप्प्यात मागे ठेवून मी एक डबा सडू दिला. पुष्कळ दिवस मी स्वतःलाही सांगत होतो की विसरलो म्हणून. पण मी विसरलो नव्हतो. रोज दार उघडून बघत होतो.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनतात. झाकण गळतं की नाही हे तपासायचं माझं काम. घर शहापूर तालुक्यात, आटगावच्या अलीकडे. मोटारसायकलवर जाऊन-येऊन करतो. कारखान्यात लागलो तेव्हा केस काळे होते, आता मुलगी कॉलेजात आहे.

जेवणाची सुट्टी एक वाजता. आमच्याकडे प्रत्येकाने आपापला डबा घेऊन कोपऱ्यात बसायची पद्धत नाही. दोन टेबलं जोडायची, वर्तमानपत्र अंथरायचं आणि सगळे डबे झाकणं काढून मधे ठेवायचे. भाकरी ज्याची त्याची, भाजी सगळ्यांची. कुणी कुणाला वाढत नाही, विचारत नाही. हात जातो तिकडे जातो. त्यामुळे कुणाच्या घरचं जेवण कसं आहे हे बोलून दाखवावं लागत नाही. पहिला हात कुठल्या डब्यात गेला आणि कुठला डबा शेवटी भरलेला राहिला, एवढं पुरतं.

अकरा वर्षं पहिला हात माझ्या डब्यात जायचा. माझी बायको भिवंडीकडची, खाडीकाठची. सुक्या बोंबलाचं कालवण करावं तर तिनंच. सोमवार-गुरुवारी मासळी चालत नाही, त्या दिवशी वालाचं बिरडं. मी डबा उघडेपर्यंत लोक भाकरी मोडून बसलेले असायचे. मला स्वतःला कितीदा दोनच घास मिळत, आणि त्याचा मला अभिमान होता. संध्याकाळी घरी गेलो की बायको रिकामा डबा मोरीत ठेवता ठेवता विचारायची, "आज काय म्हनाले?" मी सांगायचो. नसलं कुणी काही म्हणालं तरी सांगायचो. माझ्या अंगात दुसरा कुठला गुण नव्हता. विनोद जमत नाहीत, भजन येत नाही, क्रिकेट येत नाही. त्या खोलीत माझी ओळख होती ती त्या डब्याची.

मग तो आला. सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका गावातला, माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान, नुकतं लग्न झालेला. यंत्रावर काम करायचा. दिसायला साधा, बोलायला मोकळा, मला पहिल्या दिवसापासून दादा म्हणायचा. त्याचा डबा त्याची आई करायची. सून आली तरी चूल आईकडेच होती. तिच्या डब्यात विशेष काही नसायचं. टाकळ्याची भाजी, कुर्डूची भाजी, कधी करटोली, नाहीतर नुसती चवळी. रानात जे उगवेल ते. पण पहिल्या आठवड्यातच एकाने ती चवळी खाल्ली आणि मान डोलावली. दुसऱ्याने हात घातला. महिनाभरात माझ्या डब्यात मला माझं पोटभर मिळायला लागलं.

हे लिहायला मला लाज वाटते, पण तेव्हाची माझी अवस्था सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पन्नाशीला आलेला माणूस मी, जेवताना डोळ्यांच्या कोपऱ्यातून हात मोजत होतो. कोण आधी तिकडे वळतो, कोण माझ्याकडे नुसतं बघून न बघितल्यासारखं करतो. एक जण, जो माझ्या बायकोचं कालवण बोटं चाटून खायचा, तो एकदा म्हणाला, "रोज रोज सुकं खाऊन तहान लागते हो." सगळे हसले. तो नवा पोरगाही हसला. मी त्याचं हसणं तेवढं लक्षात ठेवलं.

डबा घरी अर्धा भरलेला जाऊ लागला असता. तो जाऊ दिला नाही. वाटेत नदीवरचा पूल लागतो. तिथे मोटारसायकल उभी करायची, डबा पाण्यात उपडा करायचा, पाण्याच्या बाटलीने विसळायचा. घरी बायको विचारायची, "आज काय म्हनाले?" मी म्हणायचो, "संपला बघ." ती खूश व्हायची आणि दुसऱ्या दिवशी एक पळी जास्त घालायची.

गेल्या वर्षी शेवळांचे दिवस आले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेवळ म्हणजे पावसाच्या तोंडावर रानात जमिनीतून वर येणारा कोंब. वर्षातून पंधरा-वीस दिवस मिळतो. चव अशी की आमच्याकडची माणसं त्यासाठी वर्षभर थांबतात. पण तो खाजरा. आतला पिवळा भाग नीट काढला नाही, किंवा काकड नावाच्या आंबट फळांचा रस कमी पडला, तर घसा असा धरतो की पाणीसुद्धा उतरत नाही. म्हणून बाजारात बाया शेवळांच्या जुडीबरोबर मूठभर काकडंही देतात. आणि म्हणूनच आमच्याकडे एखाद्या बाईला नावं ठेवायची असतील तर एवढंच म्हणतात, "तिची शेवळं खाजतात." त्यावर उत्तर नसतं.

बुधवारी संध्याकाळी घरी निघताना तो सिद्धगडाकडचा पोरगा माझ्याकडे आला. दुसऱ्या दिवसापासून तो आठ दिवस रजेवर होता, राबात, रोपांसाठी भाजलेल्या वाफ्यात, भात पेरायचं होतं. त्याच्या हातात कडीचा मोठा पितळी डबा होता, कल्हई केलेला, बाहेरून चिंचेने घासून लख्ख. म्हणाला, "दादा, आईने सगळ्यांसाठी शेवळं दिलीत. आज पोचायलाच दुपार झाली, जेवनं आटपली होती. फ्रिजात ठेवतो. कोनाचा वार असंल म्हनून सुकट नाय घातली, वाल घातलेत. तेवढं तुमी काढा एक वाजता. बाकी कोनाला सांगितलं तर आधीच फस्त करतील."

मी हो म्हटलं. त्याला मीच भरवशाचा वाटलो होतो.

गुरुवारी सकाळी मी फ्रिज उघडला. डबा पुढेच होता. पाण्याच्या थंड बाटल्या असतात, त्या मी एक-एक करून डब्याच्या पुढे लावल्या. डबा मागे सरकवला. तेव्हा मनात वेगळं काही नव्हतं. इतकंच की आज तो नाही, आज तरी बिरड्यात पहिला हात जाऊ दे. आज एक दिवस. डबा काय, दुपारच्या चहाबरोबर काढू, नाहीतर शनिवारी काढू.

एक वाजता पहिला हात माझ्या डब्यात गेला. दुसराही. बिरडं संपलं. मी इतका सुखात जेवलो की हात धुताना गुणगुणत होतो.

चहाला मी डबा काढला नाही. शुक्रवार आमचा सुट्टीचा वार, त्या दिवशी कारखान्याची वीजच मेनपासून बंद असते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. शनिवारी आलो तेव्हा फ्रिजच्या तळाशी पाणी साचलं होतं. आमची खोली साफ करणाऱ्या मावशी ते पुसत होत्या. त्या समोर असताना मी डबा काढू शकलो असतो, अजून वास नव्हता. पण आता काढला तर गुरुवारी का नाही काढला हे सांगावं लागलं असतं. मी दार लावलं आणि पुठ्ठ्याची घडी सरकवली.

सोमवारी दार उघडणाऱ्या प्रत्येकाने नाक धरलं. मंगळवारी तर खोलीत जेवायला बसवेना. सुपरवायझरने मावशींना सगळ्यांसमोर विचारलं, फ्रिज साफ करायचा पगार मिळत नाही का. मावशी काही बोलल्या नाहीत. मी माझ्या भाकरीकडे बघत राहिलो. लोक बाहेर गेल्यावर मी डबा काढला. झाकण आतून उचलून वर आलं होतं. उघडलं तर वर पांढरी साय, त्याच्यावर केसासारखी हिरवी बुरशी, आणि कडेने फेस. वालाचे दाणे फुटून पेज झाली होती. एका म्हाताऱ्या बाईने रानात वाकून वाकून खुडलेले कोंब होते ते.

मावशी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "त्या बाटल्या तुमीच पुढं लावल्यात ना. मी बोलत नाय म्हनजे मला दिसत नाय असं नाय, दादा." आणि बादली उचलून गेल्या. त्यांनी ते पुढे कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

डबा मी घरी नेला. राखेने घासला, चिंचेने घासला, उन्हात ठेवला. पितळेची लकाकी आली, पण झाकणाच्या आतल्या बाजूला काळा डाग राहिला.

तो रजेवरून आला तो सरळ माझ्या टेबलापाशी. मी झाकणं तपासत होतो. त्याने विचारलं, "आई विचारते, कशी झालेली?" त्याचा चेहरा एवढा मोकळा होता की मला खरं सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी आवाज खाली आणला आणि म्हणालो, "मी आधी जराशी चाखली. खाजत होती रे. घसा धरला माझा. म्हणून मग कुणाला दिलीच नाही, गुपचूप टाकली. उगाच तुझ्या आईचं नाव कशाला घ्यायला लावायचं. तू पण विषय काढू नको कुणाकडे."

 तो माझ्या खांद्याला हात लावून म्हणाला, "बरं केलंत, दादा."

ते 'बरं केलंत' अजून माझ्या कानात आहे. डबा मागितला तेव्हा मी म्हटलं, घरी आहे, भरलेला आलेला डबा रिकामा कसा परत देऊ. तो म्हणाला, द्या सवडीने. आमच्याकडची ही रीत चांगली आहे. मी तिच्या आड वर्षभर लपलो.

पुढचं मला त्याच्याकडूनच तुकड्यातुकड्याने कळत गेलं. त्याने आईला अगदी हळू सांगितलं होतं की थोडी खाजली म्हणतात. तिने पटकन मान्य केलं. त्या वर्षी त्यांच्या बांधावरचं काकडाचं झाड वठलं होतं, काकडं कमी मिळाली म्हणून तिने चिंच घातली होती आणि आधीपासून तिच्या मनात धाकधूक होती. घरची भाजी वेगळी केली होती, ती कुणाला खाजली नव्हती. पण डब्याची तिने एकटीने चाखली होती, आणि एकटीच्या जिभेवर आता तिचा विश्वास उरला नव्हता. म्हातारपणी जीभ मरते, असं ती म्हणू लागली. पळी सुनेच्या हातात दिली. श्रावणात डबा सुनेचा यायला लागला. सून बिचारी नवीन होती, भाजीला कधी मीठ जास्त, कधी कमी.

सगळे हात माझ्या डब्याकडे परत आले. मला हवं होतं ते मिळालं. पण आता तो माझ्या शेजारी बसून माझ्या बायकोचं कालवण खायचा आणि म्हणायचा, "वयनींचा हात काय आहे, दादा. आमच्या आईचा पन असाच होता." होता, म्हणायचा. आई जिवंत होती.

यंदा मे सरता सरता बायकोने माळा आवरायला काढला. पितळी डबा खाली आणला आणि विचारलं, हा कोणाचा. मी म्हटलं परत द्यायचाय. ती म्हणाली, कधीपासून आहे? मला पुढे खोटं सुचलं नाही. दुपारची वेळ होती, मुलगी घरात नव्हती. मी सगळं सांगितलं, बाटल्यांपासून 'बरं केलंत'पर्यंत. ती ऐकत होती. शेवटी ती नको तेच बोलली.

"मंग त्याच्या आधी माजा डबा कसा संपत होता?"

नदीचंही सांगावं लागलं. ती उठली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी डब्यात दोन भाकऱ्या आणि मिठाची पुडी होती. संध्याकाळी तिने विचारलं, "नदीला काय आवडतं ते सांगा, तसं करते." आठ दिवस ती माझ्याशी याहून जास्त बोलली नाही. नवव्या दिवशी तिने शहापूरच्या बाजारातून शेवळांच्या चार जुड्या आणल्या. शुक्रवारी पहाटे उठून चिरायला बसली, हाताला तेल लावून, बाजारातल्या बाईने सांगितलं तसं. खाडीकाठच्या माहेरात तिने ती कधी केली नव्हती. मी म्हटलं, दुसरं काही नेऊ. ती म्हणाली, "जे नासवलं तेच भरून न्यायाचं." मला चाखू दिलं नाही.

आम्ही मोटारसायकलवर मुरबाडच्या पुढे गेलो. सिद्धगड ढगात होता. घर सापडायला वेळ लागला नाही. म्हातारी ओट्यावर बसून सुपात वाल निवडत होती. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. मनात मी तिची केवढी मोठी बाई केली होती, आणि ही एवढीशी, मनगटं काडीसारखी. तो आतून आला, आम्हाला बघून खूश झाला, आपल्या बायकोला पाणी आणायला सांगितलं. माझ्या बायकोने शेवळं भरलेला पितळी डबा म्हातारीसमोर ठेवला. तिने झाकणावर हात फिरवला.

मी पाणी घ्यायच्या आधी बोललो, नाहीतर बोललो नसतो. "आई, गेल्या वर्षी तुमची शेवळं खाजली नव्हती. मी खाल्लीच नव्हती. कुणीच खाल्ली नाही. मी डबा मुद्दाम मागे ठेवला आणि सडवला. खाजली हे मी खोटं सांगितलं."

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. "कशापायी रे?"

"सगळे तुमच्या डब्यात हात घालायचे. माझ्यात नाही."

तिने पदराला हात पुसले. राग असता तर मला सोसला असता. मग म्हणाली, "वरीस झालं, मी मीठ पन सुनेला विचारून टाकते."

तो दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो घराच्या मागे गेला.

म्हातारीने डबा उघडला. झाकणाचा काळा डाग तिला दिसला. बोटावर भाजी घेऊन जिभेवर ठेवली आणि डोळे मिटून बसली. मग झाकणात थोडी काढून माझ्यापुढे सरकवली. "खा."

मी खाल्ली. आधी चव आली, चांगली आली. मग जिभेच्या मुळाशी काहीतरी टोचलं आणि सरकत सरकत घशात उतरलं, सुया टोचाव्यात तसं. डोळ्यांत पाणी आलं.

"खाजते?" म्हातारीने विचारलं.

बायको खांबाला धरून उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. अकरा वर्षं आणि त्यानंतरही तिने मला रोज संध्याकाळी 'आज काय म्हनाले' विचारलं होतं आणि मी एकदाही तिच्या भाजीला नाव ठेवलं नव्हतं. नदीत टाकतानासुद्धा नाही.

"हो," मी म्हटलं. "खाजते."

 म्हातारीने जीभ टाळ्याला लावून बघितली, परत बघितली. "मला पन खाजते," ती म्हणाली. आणि हसली, तोंडभर. दात फारसे नव्हते. "चांगली खाजते गो. म्हंजे जीभ हाय माजी." मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "काकडं किती घातलीस? चल आत, दाखवते तुला."

दोघी आत गेल्या. मी ओट्यावर बसून राहिलो, घसा धरून. थोड्या वेळाने तो मागून आला. माझ्या हातावर चिंचेचं बोटूक ठेवलं आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. दादा म्हणाला नाही. मी चिंच चोखत होतो. आतून तिघींचा आवाज येत होता. म्हातारी सुनेला ओरडत होती, पातेलं काढ, ते नको, मोठं. सून हसत होती. माझी बायकोही हसत होती. नऊ-दहा दिवसांत मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. खरं तर त्याच्याही आधी कित्येक महिने ऐकलं नव्हतं.

मला त्या म्हातारीचा हेवा वाटला. एवढं सगळं सांगून झाल्यावरही वाटला.